गोटी बोलली तर

९ ऑगस्ट

लंब्या,

जहाज हलतं म्हणून अक्षर वाकडं येतं, हे कारण मी तिसरीतल्या पोरांकडूनही ऐकून घेत नाही, तुझ्याकडून तर मुळीच नाही. तुझं पत्र लावता लावता मला आणि गोटीला अख्खी संध्याकाळ लागली. शेवटी तुझ्या लेकीनंच ते वाचून दाखवलं, म्हणाली, "आत्या, बाबांचं अक्षर बघायचं नसतं, ओळखायचं असतं."

ती माझ्याकडे छान रुळली आहे. सकाळी आपली आपण उठते. वेणी मात्र माझ्याकडून घालून घेते, आणि घालून होईपर्यंत तोंडाचा पट्टा चालू असतो. खालच्या मजल्यावरचं मांजर कुणावर रागावलंय, इंजिनाशेजारी बाबांना घाम आला तर पुसतं कोण, एक ना दोन. आई गेल्यावर वर्षभर या पोरीनं कसं काढलं असेल, या काळजीपोटी मी तिला हट्टानं माझ्याकडे आणलं. पण घरात बघशील तर म्हणशील, हिला काय धाड भरलीय.

शाळेत मात्र मिठाची गुळणी. फाटकापर्यंत माझं बोट धरून बडबडत येते आणि बोट सोडलं की दुसरीच मुलगी होते. माझ्याच वर्गात, माझ्या डोळ्यांसमोर बसते. गणितं करते, कुणी पेन्सिल मागितली तर देते, पण तोंडातून शब्द काढत नाही. माझ्याशीसुद्धा नाही.

तुला माहीत आहे, मी सकाळी आल्या आल्या धड्याला हात लावत नाही. आधी सगळे गोल बसतो आणि लोकरीचा एक गुंडा फिरवतो. गुंडा ज्याच्या हातात, त्यानं एक वाक्य बोलायचं. कशाची भीती वाटली, कशाचा राग आला, कालपासून कोणतं काम पहिल्यांदा स्वतः केलं. हेडमास्तर म्हणतात, यानं मार्क वाढत नाहीत. मी म्हणते, आधी पोर आपल्या पायावर उभं तर राहू द्या. गोटीकडे गुंडा आला की ती तो पोटाशी धरते, जरा थांबते आणि शेजारणीला देते.

शिवाय आमच्या तिसरीतल्या प्रत्येकाला पहिलीतलं एक मूल सोबतीला दिलं आहे. त्याला हात धुवायला न्यायचं, बुटाची नाडी बांधायची, शाळा सुटली की फाटकात त्याच्या घरच्यांच्या हाती द्यायचं. दुसऱ्याला सांभाळता सांभाळता मूल स्वतः मोठं होतं. गोटीच्या वाट्याला आलीय पिटकी. बोटभर पोरगी, पण तोंड हातभर. एक बोलत नाही आणि दुसरी थांबत नाही, म्हणजे संसार सुखाचा चाललाय.

तू काळजी करू नकोस. थंडी पडायच्या आत हिला वर्गात बोलती करते की नाही बघ.

परवा वेणी घालताना मात्र तिनं विचारलं, "आत्या, तू शाळेतलं सगळं कागदावर लिहितेस का? आणि ते कागद कोण वाचतं?" मी म्हटलं, "हेडमास्तर वाचतात, डुलक्या काढत." ती हसली नाही.

तुझी
ताई


२७ ऑगस्ट

ताई,

बंदराला लागलो आणि एजंटानं तुझं पत्र हातात दिलं. इंजिनरूममधले सगळे आता मला विचारतात, "काय फिटरसाहेब, ताईनं आज किती छड्या दिल्या?" अक्षराचं मनावर घेतो.

गोटी जेवते ना? झोपेत दचकत नाही ना?

बोलण्याचं म्हणशील तर राहू दे गं. काही मुलं असतात अबोल. तिची आईसुद्धा चारचौघांत बोलायची नाही. अभ्यास करते, कुणाला त्रास देत नाही, मग आणखी काय पाहिजे? तुझा तो गुंडा तिच्याकडे नाही आला तरी चालेल. तिला नाटकात, भाषणात, कशात घालू नकोस. आणि तिच्याबद्दल कुठल्या कागदावर काही लिहू नकोस. "बरी आहे" एवढंच लिही. बाहेरचं कुणी माणूस तिच्याशी बोलायला आलं तर आधी मला कळव.

तू कामाला लागलीस की ऐकत नाहीस, लहानपणापासून बघतोय. पण या बाबतीत ऐक.

तिच्या आजोळहून काही पत्रबित्र आलं का? सहज विचारतोय.

तुझा
लंब्या


१४ सप्टेंबर

लंब्या,

आजोळहून काही आलेलं नाही. सहज विचारणारा माणूस पत्राच्या शेवटी एकट्या ओळीत विचारत नाही, तेव्हा काय आहे ते नीट लिही. बायकोच्या आईवडिलांशी भांडलास का पुन्हा? त्यांचीही मुलगी गेलीय, जरा सबुरीनं घे.

आता मी जे लिहिणार आहे ते शांतपणे वाच. मी स्वतः शांत नाही.

वर्गात बोलत नाही, तर बाहेर प्रयत्न करू म्हटलं. आमच्या पोरांना मी "एकट्याचं काम" देते. पोस्टात जाऊन तिकीट आणायचं, शेजारच्या आजोबांना त्यांच्या लहानपणाबद्दल एक प्रश्न विचारायचा, असलं काहीतरी. गोटीला म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पाव आण. मी समोरच्या फुटपाथवर उभी होते. ती आत गेली. दुकानदारानं विचारलं, काय हवं? ही गप्प. त्यानं पुन्हा विचारलं. मागे माणसं येऊन थांबली. कुणीतरी म्हणालं, "बोल की बाळा, कुणाची तू?" तशी ती वळली आणि धावत सुटली, रस्ता न बघता. सायकलवाला कसाबसा थांबला. मी तिला पकडलं तेव्हा तिची मूठ उघडत नव्हती.

ही लाज नव्हे, लंब्या. लाजणारं पोर लाल होतं, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरतं. ही पांढरीफटक पडली होती.

म्हणून मी आमच्याकडे मंगळवारी येणाऱ्या समुपदेशक बाईंना बोलावलं. शांत बाई आहेत, तीन शाळा सांभाळतात, पिशवीत हातात घालायच्या बाहुल्या घेऊन येतात. त्यांनी वाचनाच्या खोलीत गोटीला बसवलं, पिशवी उघडली, मांडीवर कागद घेतला आणि एवढंच विचारलं, "घरी तुझ्याबरोबर कोण कोण असतं?" गोटी टेबलाखाली गेली. बाई वाकल्या तर अजून मागे सरकली, भिंतीला टेकली. तिची चड्डी ओली झाली. आठ वर्षांची मुलगी. मी तिला बाहेर काढलं तेव्हा ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच तिला कुणाच्या हवाली केलंय.

बाईंनी मला बाजूला घेऊन जे विचारलं तेच मी तुला विचारते. तिला कुणी काही केलंय का? तू समुद्रावर असताना ती ज्या शेजाऱ्यांकडे राहायची, त्यांच्याकडे कोण येतं-जातं? खरं सांग. मी त्या दिवसापासून जेवत नाहीये धड. प्रत्येक माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो आणि प्रत्येकाचा संशय येतो.

तुझी
ताई


३० सप्टेंबर

ताई,

त्या बाईंना पुन्हा येऊ देऊ नकोस. हात जोडतो.

त्यांनी कागदावर काय लिहिलं? तो कागद कुठे आहे? जमलं तर मागून घे, फाडून टाक. बाई कुठल्या कचेरीच्या आहेत ते विचार.

गोटीला कुणी काही केलेलं नाही. गळ्याची शपथ. शेजारच्या काकू देवमाणूस आहेत. भलते विचार डोक्यातून काढ.

ती त्या बाईंशी बोलली का? एखादा शब्द तरी? तू लिहिलं नाहीस.

पुढचं बंदर लांब आहे, पत्राला उशीर होईल. तोवर तिला काही विचारू नका, काही शिकवू नका. मार्चमध्ये माझा करार संपतो, मी येतो आणि सगळं बघतो.

लंब्या


१९ ऑक्टोबर

लंब्या,

गोटी जिवंत आहे आणि सुखरूप आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू वाचू शकशील.

गेल्या गुरुवारी ती हरवली. तिच्याकडे या आठवड्यात खेळाचं सामान लावायचं काम होतं. दोऱ्या आणि रिंगा घेऊन ती स्टेजमागच्या खोलीत गेली. शिपायानं आत न बघता कुलूप घातलं आणि तो दुसऱ्या कामाला गेला. शाळा सुटली. मला वाटलं, ती फाटकात पिटकीला सोडतेय. पिटकीची आई आली तर पिटकी जागची हलेना. "माझी गोटीताई आल्याशिवाय मी जाणार नाही," म्हणून तिनं भोकाड पसरलं. तेव्हा कळलं.

मग आम्ही सगळे हाका मारत फिरलो. वर्ग, संडास, गच्ची, मागचा नाला. हेडमास्तर नाल्यात उतरले, बुटांसकट. मी जिन्याखाली बघितलं, टाकीचं झाकण उचलून आत बघितलं. ते झाकण उचलताना काय वाटलं ते मी कुणाला सांगणार नाही. पोलिसांना कळवलं. त्यांनी विचारलं, अंगावर काय कपडे होते, आणि मला आठवेना. रोज सकाळी मीच तिला तयार करते, लंब्या.

आणि ऐक. त्या खोलीच्या दारापुढून मी निदान दोनदा गेले. दार वाजवून ओरडले, "गोटी, आत आहेस का गं?" आतून आवाज नाही. म्हणून पुढे गेले.

अंधार पडायला लागल्यावर शिपायानं एकेक खोली उघडून बघायला घेतली. ती आत होती. दाराला लागून, गादीवर, ताठ बसलेली. दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलेलं. माझी प्रत्येक हाक तिनं ऐकली होती. ओ जाऊ नये म्हणून तोंड दाबलं होतं.

घरी आणून दूध दिलं. विचारलं, "का गं ओ दिली नाहीस?" तर म्हणाली, "शाळेत बोलायचं नाही." कोण म्हणालं? "सांगायचं नाही." मी विचारणं सोडून दिलं. नुसती कुशीत घेऊन बसले. बऱ्याच वेळानं तिनंच माझ्या कानाला तोंड लावलं. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

"बाबा म्हणाले, बाहेर कुणाशी बोललीस तर ते लोक तुला घेऊन जातील. मग मी समुद्रातून आलो तरी तू सापडणार नाहीस. आत्यालापण सांगायचं नाही, आत्या शाळेची आहे, ती कागदावर लिहिते."

मी शाळेची आहे! तुझा शेंबूड पुसलेला आहे मी या हातांनी.

आणि मी काय करत होते तर लोकरीचे गुंडे फिरवत होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पोर भित्री म्हणून मी तिला धीट करायला निघाले होते, आणि तिच्याएवढी धीट पोर माझ्या शाळेत दुसरी नाही. अंधाऱ्या खोलीत, आत्या दारापलीकडे रडत असताना, ती तुझ्यासाठी गप्प बसली.

मी म्हटलं, "बाबांना पत्रात लिहायला सांगते, की आता बोललीस तरी चालेल." तर मान हलवून म्हणाली, "ते खोटं असेल. बाबा म्हणालेत, बाबांनी परवानगी दिली असं कुणी सांगितलं, कागद दाखवला, फोनवर माझ्यासारखा आवाज काढला, तरी खरं मानायचं नाही. मी समोर उभा राहून सांगेन तेव्हाच."

शाबास. कुलूप घातलंस ते घातलंस, आणि किल्ली घेऊन समुद्रात गेलास.

झोपायच्या आधी तिनं विचारलं, "आत्या, मी आत्ता तुला सांगितलं, ते बाहेर बोलण्यात धरतात का?" मी नाही म्हटलं. तिला ते पटलं असं मला वाटलं नाही. पत्र मिळताच फोन कर. काहीही कर.

ताई


३ नोव्हेंबर

ताई,

परवाचा फोन तुझ्यासमोरच झाला. तू रिसीव्हर तिच्या कानाला लावलास, मला तिचा श्वास ऐकू येत होता. म्हटलं, "गोटी, मी बाबा, खरा बाबा, बोल गं." मग तिनं फोन ठेवून दिला. मीच शिकवलं होतं तसं. मागे फोनसाठी लोकांची रांग होती, त्यांच्यासमोर मला रडू आलं.

तुला सगळं सांगतो. बायको गेल्यावर सासऱ्यांनी बालकल्याणाच्या कचेरीत अर्ज दिला, की बाप वर्षातला बराच काळ जहाजावर असतो, नात आमच्याकडे द्या. तुला मी म्हटलं होतं की ते प्रकरण मिटलं. मिटलं नव्हतं, नुसतं पुढे ढकललं होतं. मी सुट्टीवर घरी असताना कचेरीतून एक बाई आल्या, पिशवी, कागद घेऊन. छान हसून गोटीला विचारलं, बाबा नसताना कुठे झोपतेस? ही नेहमीसारखी धबधबा. काकूंकडे झोपते, काकू गावाला गेल्या तेव्हा एकटी झोपले, खुर्चीवर चढून गॅस पेटवला, मला सगळं येतं. मोठ्या अभिमानानं सांगत होती. बाई भराभर लिहीत होत्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या गेल्यावर मी तिला समोर बसवून, तिनं तुला कानात सांगितलं ते सगळं बजावलं. ती म्हणाली, "पण मी चुकून बोलले तर?" मी म्हटलं, चुकायचं नाही.

ताई, बायको गेली. आता ही गेली तर मी कशासाठी परत यायचं?

मला रागाव, पण मार्चपर्यंत थांब. करार मधे तोडला तर कंपनी पुन्हा घेणार नाही, आणि मग सासरे म्हणतील, आधी घरात नसलेला बाप होता, आता बेकार बाप आहे. ते पोरीला नेतील. तोवर ती गप्प राहिली तर राहू दे. सामानाचं काम काढून घे तिच्याकडून. पिटकीचंही काढून घे. नुसती वर्गात बसू दे. मार्चला मी समोर उभा राहतो.

लंब्या


२२ नोव्हेंबर

लंब्या,

सामानाचं काम काढलं. पिटकीचं काढलं नाही. सकाळी बुटाची नाडी बांधताना गोटीच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते सोडलं तर शाळेत तिचं स्वतःचं असं काही उरलं नव्हतं, म्हणून मी तुझं ऐकलं नाही. बरं झालं की वाईट झालं, ते तू ठरव.

सोमवारी मधल्या सुट्टीत बाकं घेऊन ट्रक आला होता. बाकं उतरवून झाली, ड्रायव्हर ट्रक मागे घेत होता. पिटकीचा चेंडू गडगडत मागच्या चाकापाशी गेला आणि पिटकी त्याच्यामागे वाकून आत. मैदानात पोरांचा गोंगाट, ड्रायव्हरला ती दिसत नव्हती, आम्हाला कुणालाच दिसत नव्हती. फक्त गोटीला दिसली.

ती ओरडली. "थांबाऽऽ! पिटकी आहे! थांबा!"

लंब्या, तो आवाज मी ओळखला नाही. ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला आणि चाकामागे वाकून बघायला लागला. पिटकी चेंडू घेऊन बाहेर आली, तिला काही कळलंसुद्धा नव्हतं.

पुढे आम्ही जे केलं ते ऐक. आम्ही टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी तिला उचलून खुर्चीवर उभं केलं आणि सगळ्या शाळेला सांगितलं, बघा, गोटी बोलली! पिटकीची आई धावत आली, तिच्या पाया पडायचीच बाकी होती. पोरं ओरडत होती, गोटी बोलली, गोटी बोलली. मी शिकलेली, इतक्या वर्षांची बाई, मीही आनंदानं रडत होते. त्या खुर्चीवर तिचं काय होत होतं ते एकालाही दिसलं नाही. मला दिसायला हवं होतं. मला माहीत होतं.

त्या दिवशी मीटिंग होती म्हणून ती शेजारणीबरोबर माझ्याआधी घरी आली. मी आले तर ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली. शाळेचे कपडे बदलून, केस स्वतः विंचरून, मांडीवर बॅग. म्हटलं, "काय गं, कुठे निघालीस?"

म्हणाली, "कधी येणार ते?"

"कोण?"

"न्यायला येणारे. मी बोलले ना आज. सगळ्यांनी ऐकलं."

बॅगेत दोन फ्रॉक, टूथब्रश आणि पावाचा तुकडा होता, वाटेत भूक लागली तर. स्वतःचा फोटो मात्र तिनं फ्रेममधून काढून माझ्या टेबलावर ठेवला होता. म्हणाली, "तो बाबांसाठी. ते आले की मी नसणार ना." मग मला कामं सांगितली. पिटकीला डाव्या बुटाची गाठ जमत नाही, ती तू बांध. तिला शिंक आली की नाक पुसायला सांगावं लागतं. बाबांवर रागावू नकोस, त्यांनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

मग विचारलं, "आत्या, मी ओरडले नसते तर पिटकी मेली असती ना?"

"हो, बाळा."

"मग मी काय करायला पाहिजे होतं?"

मी म्हटलं, तू बरोबर केलंस, सोन्यासारखं केलंस, कुणी येणार नाही. ती माझ्या डोक्यावरून फाटकाकडे बघत होती. माझं बोलणं तिच्या लेखी शाळेचं बोलणं आहे.

तेव्हापासून रोज शाळेतून आली की तिथेच बसते. जिन्यात पाऊल वाजलं की उभी राहते. रडत नाही, भांडत नाही, जायला तयार असते. जेवायला वर चल म्हटलं तर म्हणते, इथेच दे. सकाळी वेणी घालताना गप्प असते. घरातही बोलणं बंद झालंय, लंब्या. खालचं मांजर तिच्याशेजारी येऊन बसतं, त्याच्याशीसुद्धा बोलत नाही.

ती तुझ्यावर रागावलेली नाही. रागावली असती तर मला धीर आला असता. तिनं हिशोब केलाय, की पिटकी वाचली आणि त्याच्या बदल्यात बाबा गेले. आठ वर्षांच्या पोरीनं हे एकटीनं ठरवलं आणि मान्य केलं.

मार्च फार लांब आहे. मार्चपर्यंत तुझी नोकरी टिकेल. ही टिकेल असं मला वाटत नाही.

ताई


६ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र इंजिनरूममध्ये उभ्यानं वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग कॅप्टनकडे गेलो. त्यानं विचारलं, घरी कुणी वारलं का? मी म्हटलं, अजून नाही. या बंदरात उतरलो. कंपनी आता मला पुन्हा घेणार नाही, हे त्यांनी लिहून दिलं आहे, मीही सही केली आहे.

सासऱ्यांना पत्र टाकलं. लिहिलं की मी येतोय, तुम्हीही या, त्या कचेरीतल्या बाईंनाही आणा. सगळ्यांसमोर गोटीला जे विचारायचं ते विचारा. ती खुर्चीवर चढून गॅस पेटवायची हेही सांगेल, ते खरं आहे. कुणाकडे राहायचं तेही तीच सांगेल. हे तुला मांडीवर कागद धरून, घाईत लिहितोय, त्यामुळे अक्षराबद्दल आज काही बोलू नकोस. ती आजीकडे जाते म्हणाली तर मी काय करीन, मला माहीत नाही. त्यांचं घर भरलेलं आहे, माझ्याकडे काय आहे? पण आता तिला जे वाटतं ते तिनं बोलायचं आणि मी ऐकायचं.

तुझ्या गल्लीत एखादी खोली बघून ठेव. वर्कशॉपमध्ये फिटर लागतो का विचार. पोरीला तुझ्यापासून आणि पिटकीपासून तोडायची नाही.

हे पत्र आणि मी मागेपुढेच पोचू. आधी पोचलं तर तिला काही सांगू नकोस, ती खरं मानणार नाही, आणि त्यात तिची चूक नाही. पायरीवरून तिला उठवू नकोस. बॅग रिकामी करू नकोस. ती न्यायला येणाऱ्याची वाट बघत बसलीय, तिला तशीच बसू दे. त्या जिन्यात पाऊल वाजेल आणि ती उभी राहील, तेव्हा समोर मी असेन. मीच तिला न्यायला आलोय.

लंब्या